नवीन पिचर (बेसबॉलमधला बॉलर) पहिल्यांदा बघताना तुम्ही काय बघता? (अनुभव धागा)

पिट्सबर्गकर:
मंडळी, इथे बेसबॉल बघणारे बरेच आहेत, फक्त क्रिकेटच्या धाग्यांवर गप्प बसतात. पोरगा नवीन, नाव मोठं, आणि आपण स्टँडमध्ये नाहीतर टीव्हीपुढे बसून "खरंच दम आहे का रे याच्यात?" हे ठरवतोय, असा अनुभव लिहा. स्कोअर नको, तो नेटवर मिळतो. मॅच चालू असताना तुमची नजर कुठे होती ते सांगा.

सुरुवात मीच करतो. ११ मे २०२४, पीएनसी पार्क, पॉल स्कीन्सचं पदार्पण, समोर शिकागो कब्ज. आमच्या पायरेट्सनी (पिट्सबर्गची टीम) वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली १९७९ साली, त्यामुळे २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात तो) पहिल्या नंबरावर उचललेला हा साडेसहा फुटी मुलगा म्हणजे गावाला अगदी देवच भेटल्यासारखं झालं होतं. पहिल्या इनिंगपासूनच बोर्डावर ताशी १०० आणि १०१ मैल दिसायला लागले आणि प्रत्येक आकड्याला सगळं स्टेडियम ओरडत होतं, मीपण. शेजारी एक आजोबा पेन्सिलीने स्कोअर लिहीत बसले होते, ते म्हणाले बोर्ड सोड, कॅचरचा ग्लोव्ह बघ. म्हणजे ग्लोव्ह आधी कुठे धरलाय आणि बॉल घ्यायला तो किती हलवावा लागतोय. तेव्हापासून मी तेच बघतो. त्या दिवशी फास्टबॉलला ग्लोव्ह बऱ्यापैकी जागेवर राहत होता पण दोन स्ट्राइक झाल्यावर (तीन झाले की बॅटर आऊट, म्हणजे स्ट्राइकआऊट) कब्जवाले फाऊल मारमारून (रेषेबाहेर मारला की तिसरा स्ट्राइक धरत नाहीत) त्याला दमवत होते, चौथ्या इनिंगमध्ये निको हॉर्नरने होमरन मारला, आणि पाचवीत एकही आऊट न करता तो बाहेर गेला तेव्हा ८४ पिचेस झाले होते. सात स्ट्राइकआऊट, मान्य, पण चार इनिंगला ८४ म्हणजे जास्तच. नंतर आमच्या बुलपेनने (राखीव पिचर) बेस भरलेले असताना वॉकवर वॉक (चार बॉल बाहेर टाकले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर) देऊन कब्जला रन फुकट वाटले, मग दोन तासांच्या वर पाऊस, आणि शेवटी कशीबशी १०-९ ने जिंकलो. एवढं भिजून घरी गेलो तरी ऑफिसात सोमवारी फक्त १०१ चीच चर्चा.

नेपरव्हिलचा काका:
मी कब्जवाला, त्यामुळे आमच्या बाजूनेपण ऐका. सहा दिवसांनी तोच स्कीन्स रिग्लीला, आमच्या मैदानावर, आला. आमचा ग्रुप निवांत होता, म्हटलं बॅटर्सनी त्याला आत्ताच बघितलाय, व्हिडिओ आहेत, आज धुणार. पहिले सात बॅटर सातही स्ट्राइकआऊट. सात! सहा इनिंग, एकही हिट नाही (म्हणजे बॉल मारून कुणी बेस कमावलाच नाही), ११ स्ट्राइकआऊट.
मी पिचरकडे बघतच नाही, फाऊल बॉल कुठे जातोय ते बघतो. बॉल सरळ मागे जाळीवर गेला तर बॅटरचं टायमिंग बरोबर आहे, थोडक्यात हुकलं एवढंच. उजव्या हाताचा बॅटर पहिल्या बेसच्या बाजूच्या स्टँडमध्ये मारत असेल तर त्याला उशीर होतोय. त्या दुपारी आमचे सगळे उशीरवाले होते. तिसऱ्या इनिंगनंतर मी नाचो आणायला गेलो आणि मुद्दाम रांगेत उभा राहिलो.

वसईचा मिडियम पेसर:
तो स्कीन्सचा स्प्लिंकर काय प्रकार आहे कुणी सांगेल का? कॉमेंट्रीत सारखं ऐकतो.

पिट्सबर्गकर:
@वसई, स्प्लिटर आणि सिंकर यांच्या मधलं काहीतरी. पकड दोन्हीच्या मधली, वेग ९४ मैलांच्या आसपास, आणि शेवटच्या क्षणी बॉल खाली आणि उजव्या बॅटरच्या अंगावर येतो. हातातून सुटताना फास्टबॉलसारखाच दिसतो ही खरी गोची. आपल्याकडे बॉल टप्पा पडल्यावर वळतो, इथे टप्पाच नाही, जे काय व्हायचं ते हवेतच आणि अर्ध्या सेकंदाच्या आत.

वसईचा मिडियम पेसर:
म्हणजे वर १५० किमीची गती. बरंय मी क्रिकेट खेळलो 😀

व्हर्जिनियावाली:
तुम्ही सगळे खूष आहात म्हणून लिहू की नको असं झालं. पण लिहिते. ८ जून २०१०, वॉशिंग्टन, स्टीव्हन स्ट्रासबर्गचं पदार्पण, आणि समोर पिट्सबर्गच होतं हो. आम्हाला अमेरिकेत येऊन फार दिवस झाले नव्हते, नवऱ्याच्या टीमला कंपनीची तिकिटं मिळाली म्हणून गेलो, मला बॉल आणि स्ट्राइक यातला फरकपण त्याच दिवशी कळला. सात इनिंग, १४ स्ट्राइकआऊट, एकही वॉक नाही, शेवटचे सात बॅटर लागोपाठ स्ट्राइकआऊट. शेवटी शेवटी कुणी खाली बसतच नव्हतं, ओळखदेख नसलेली माणसं टाळ्या देत होती. मला खेळातलं काही कळत नव्हतं पण समोरच्या बॅटर्सची चाल बघून कळत होतं, आऊट झाल्यावर मागे वळून पिचरकडे बघत परत जायचे.
आणि ऑगस्टमध्ये कोपर गेलं. टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे कोपरातला लिगामेंट बदलायचं ऑपरेशन. नंतर तो परत आला, २०१९ ला वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपीसुद्धा (सर्वोत्तम खेळाडू) झाला, लगेच सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यानंतर जेमतेम आठ मॅच खेळून संपला. आता कुणी १०० च्या वर टाकायला लागलं की मला आधी कोपरच दिसतं. मॅच चालू असताना मी दर पिचनंतर बघते तो हात झटकतोय का, खांदा फिरवतोय का. नवरा म्हणतो तू मॅच बघत नाहीस, ओपीडी बघतेस.

मिलवॉकीचा भाचा:
ताई, तुमच्यासारखे विचार करणारे मॅनेजर आहेत म्हणून तर माझ्यासारख्यांची चिडचिड होते. ११ जुलै २०२४, स्कीन्स आमच्याकडे मिलवॉकीत. सात इनिंग, हिट शून्य, ११ स्ट्राइकआऊट, ९९ पिचेस, आणि काढला बाहेर! मी ब्रूअर्सचा माणूस, मला आनंद व्हायला हवा, पण नाही झाला. नो-हिटर (अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट न देणं) आयुष्यात किती वेळा समोर बघायला मिळणार. आठव्या इनिंगमध्ये दुसरा पिचर आला आणि हिट बसलीच. मॅच त्यांनी १-० ने जिंकली हे वेगळं. पाचच दिवसांनी ऑलस्टार मॅचला (निवडक खेळाडूंची मॅच) सुरुवात करायला हाच, १९९५ च्या हिदेओ नोमोनंतर पहिला रूकी (पहिल्याच सीझनचा खेळाडू).
माझी पद्धत सोपी आहे, तोच बॅटर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला की काय होतं ते बघायचं. पहिल्या वेळी सगळेच फसतात. पण तिसऱ्या वेळेपर्यंत ठेवतच नाहीत तर आम्ही ठरवणार कशावर?

लिटल लीगची आई:
@भाचा, ९९ पिचेसवर काढलं म्हणून रडू नकोस रे, आमच्याकडे ११-१२ वर्षांच्या पोरांना दिवसाला ८५ ची मर्यादा आहे, कोच हातात क्लिकर घेऊन बसतात, आणि आईबाप त्याहून जोरात मोजतात. मी मुलाच्या मॅच बघून बघून शिकले ते असं की वॉक दिल्यावर पुढचा पिच कसा येतो ते बघायचं. काही पोरं घाबरून मधोमध टाकतात आणि मार खातात, काही अजून जोर लावतात आणि अजून बाहेर टाकतात. जो एक श्वास घेऊन परत तसाच टाकतो तो पुढे जातो. आता पिच क्लॉक (पुढचा पिच टाकायला किती वेळ उरला ते दाखवणारं घड्याळ) आल्यापासून मोठ्यांनासुद्धा तो श्वास घड्याळ बघून घ्यावा लागतो, बेस रिकामे असतील तर १५ सेकंद.

टॅम्पाचा मामा:
पायरेट्सचा विषय निघालाय तर रिंकू सिंग आणि दिनेश पटेल कुणाला आठवतात का? उत्तर प्रदेशचे भालाफेकवाले, भारतात झालेल्या फेकण्याच्या स्पर्धेतून निवडले आणि २००८ मध्ये पायरेट्सनी करार केला. बेसबॉल त्याआधी हातातपण धरला नव्हता. पुढच्या वर्षी ब्रेडन्टनला त्यांची शिकाऊ पोरांची टीम खेळायची, टॅम्पाहून तासाभराचा रस्ता, आम्ही दोन कुटुंबं पोळीभाजीचा डबा घेऊन गेलो. प्रेक्षक म्हणजे आम्ही, चार म्हातारे आणि रडार गन घेतलेले स्काऊट (खेळाडू हेरणारे). रिंकू डावखुरा, जोर चांगला, पण मला फिल्डिंग बघून जास्त कौतुक वाटलं. बॉल त्याच्याकडे आला की कुठल्या बेसला फेकायचा हे बाकीची पोरं विचार न करता करत होती, लहानपणापासून खेळलेली ना, आणि हा क्षणभर थांबायचा. तेवढ्यात रनर पोचायचा. तरी टिकला काही वर्षं, नंतर दुखापती झाल्या आणि गडी डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. दिनेश लवकर परतला.

नेपरव्हिलचा काका:
मामा, हे भारी. स्काऊट काय लिहीत होते बघितलंत का?

टॅम्पाचा मामा:
बघितलं की, वाकून. नुसते आकडे. मग त्यातल्या एकाने आमच्या डब्यातली पोळी खाल्ली आणि भाजी कशाची विचारलं.

पिट्सबर्गकर:
@व्हर्जिनियावाली, तुमची भीती रास्त आहे पण आमचं बाळ अजून धडधाकट आहे. रूकी सीझनला २३ मॅचमध्ये १७० स्ट्राइकआऊट, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेले रन, कमी तितकं चांगलं) १.९६, रूकी ऑफ द इयर. २०२५ ला ईआरए १.९७ आणि साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), तोही एकमताने. फक्त त्या वर्षी त्याचा हारजितीचा हिशोब बघा, १० जिंकल्या १० हरल्या. आमची बॅटिंग बघताना काय बघावं यासाठी वेगळा धागा काढतो, तिथे या.