‘वास्तववादी’ युद्धपट म्हणजे नेमका कसला?

मूळ प्रश्न

युद्धपटांबद्दल बोलताना ‘वास्तववादी’ हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि ते मला फार खटकतं. दुसऱ्या महायुद्धावरचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) अतिशय वास्तववादी आहे असं कोणी म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं हे सगळं असंच घडलं. पण चित्रपटात दाखवलीय तशी, एका शिपायाला शोधून आणायला तुकडी कधी धाडलीच नव्हती. त्यामागे नायलँड भावांची हकीकत आहे. चौघांपैकी दोघे पडले, तिसराही गेला असं समजलं गेलं (तो नंतर जपान्यांच्या कैदेतून जिवंत सुटला), म्हणून चौथ्याला आघाडीवरून घरी धाडलं. मधली शोधमोहीम कथाकाराची. मग या चित्रपटाला म्हणायचं काय? वास्तववादी, वास्तवदर्शी, अस्सल, इतिहासाला धरून... या शब्दांच्या हद्दी कुठे आहेत?

प्रतिसाद

व्युत्पत्तीपासून सुरुवात करते. ‘वस्तु’वरून ‘वास्तव’ झालं, म्हणजे वस्तू आहे तशी. त्याला ‘वाद’ जोडला की ती एक भूमिका होते, मांडण्याची एक रीत होते. वास्तववादी कादंबरीतली माणसं कधी जन्मलेली नसतात आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. तेव्हा ‘वास्तववादी’ हे शैलीचं विशेषण आहे, पुराव्याचं नव्हे. ‘दर्शी’चा मूळ अर्थ पाहणारा (दूरदर्शी, त्रिकालदर्शी) आणि ‘दर्शक’ म्हणजे दाखवणारा. त्या हिशेबाने ‘वास्तवदर्शक’ अधिक नेमका ठरतो, पण मराठीत ‘वास्तवदर्शी’ रुळला आहे आणि तो बदलायचा हट्ट मी धरणार नाही.

यातला खरा पेच पुढे आहे. पडद्यावरचं युद्ध आपल्याला खरं वाटतं, ते कशाशी ताडून? आपल्यापैकी बहुतेकांनी युद्ध पाहिलेलंच नसतं. पाहिलेल्या असतात त्या युद्धाच्या वार्तापटातल्या फिती, हादरणाऱ्या कॅमेऱ्याच्या, रंग उडालेल्या. ‘रायन’मध्ये अमेरिकन सैन्य फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरतं त्या प्रसंगात रंग मुद्दाम फिके केले, कॅमेऱ्याच्या शटरचा कोन लहान ठेवून हालचाली तुटक, धारदार केल्या. माणसाचा डोळा असं पाहत नाही. ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६) इतका वार्तापटासारखा उतरला, की त्यात खऱ्या वार्तापटाचा एक फूटसुद्धा वापरलेला नाही, अशी सूचना द्यावी लागली. म्हणून ‘हुबेहूब’ म्हणण्याआधी कशाच्या हुबेहूब, हे विचारायला हवं.

प्रतिसाद

‘अस्सल’बद्दल मला सांगायचं आहे. हा अरबीतून आलेला शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘नक्कल’च्या जोडीने येतो. मूळ कागद तो अस्सल, त्यावरून उतरवली ती नक्कल, आणि तंतोतंत उतरली असेल तर ‘अस्सलबरहुकूम’. युद्धपटातल्या साधनसामग्रीसाठी ही जोडी फार उपयोगी आहे. ‘रायन’मधले जर्मन टायगर रणगाडे म्हणजे रशियन टी-३४ च्या सांगाड्यावर चढवलेली नक्कल. ‘फ्युरी’ (२०१४) मध्ये मात्र इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयातला, चालू स्थितीतला अस्सल टायगर वापरला.

पण गंमत म्हणून नव्हे, अगदी मनापासून विचारतो: हा अस्सल टायगर तिथला आहे का? तो १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला, आणि चित्रपट घडतो एप्रिल १९४५ च्या जर्मनीत. वस्तू अस्सल, जागा आणि काळ दुसराच. त्याच चित्रपटाच्या शेवटी चौरस्त्यावर बंद पडलेला एकटा अमेरिकन शर्मन रणगाडा शेकडो जर्मन सैनिकांना कितीतरी वेळ रोखून धरतो, आणि ते सैनिक जवळ असलेली रणगाडाविरोधी शस्त्रं नीट वापरतही नाहीत. अस्सल लोखंडाच्या जोरावर न पटणारी लढाई आपल्या गळी उतरते. त्यामुळे ‘अस्सल’ हा शब्द मी वस्तूपुरताच ठेवतो, कथेला लावत नाही.

प्रतिसाद

‘सिनेमॅटिक लिबर्टी’ हे पांघरूण मला नकोसं झालंय. त्याखाली तीन निरनिराळी कृत्यं झाकली जातात आणि तिन्हींना मराठीत स्वतंत्र शब्द आहेत.

नोंदी जिथे गप्प आहेत तिथे संवाद, स्वभाव, छोटे प्रसंग रचणं म्हणजे पदरचं घालणं. याशिवाय चित्रपट होणारच नाही.

घडलेलं वाढवून सांगणं म्हणजे तिखटमीठ लावणं. हातबाँब फुटला की पडद्यावर आगीचा लोळ उठतो. प्रत्यक्षात धूळ, धूर आणि तुकडे उडतात.

आणि घडलेलं उलटं करणं म्हणजे विपर्यास. ‘यू-५७१’ (२०००) मध्ये जर्मन पाणबुडीवरचं एनिग्मा हे गुप्त संदेशांचं यंत्र अमेरिकन खलाशी मिळवतात. खरं म्हणजे ९ मे १९४१ रोजी ‘बुलडॉग’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या लोकांनी यू-११० वर चढून ते हस्तगत केलं. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. जिवावर उदार होऊन त्या पाणबुडीत उतरलेल्या माणसांचं श्रेय दुसऱ्याच देशाला देऊन टाकलं. याला ‘लिबर्टी’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘बॉर्डर’ (१९९७) कुठे बसवायचा हे मला अजून नीट ठरवता येत नाही. लोंगेवालाची लढाई खरी, ४-५ डिसेंबर १९७१ ची रात्र खरी, सकाळी आलेली हंटर विमानं खरी. पण चित्रपटात हुतात्मा झालेले दाखवलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंह राठोड त्या लढाईतून जिवंत परतले, त्यांना सेना पदक मिळालं, आणि २०२२ पर्यंत ते हयात होते. जिवंत माणसाचं मरण लाखो लोकांनी रडत पाहिलं. ‘सत्यघटनेवर बेतलेला’ हे शब्द इथे चपखल वाटतात, कारण बेतणं हे शिंप्याचं काम आहे. कापड खरं, पण हव्या त्या मापाला कापलेलं.

प्रतिसाद

थोडी भर. काळाची गल्लत झाली तर ‘कालविपर्यास’. ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) मध्ये तेराव्या शतकातले स्कॉटिश सैनिक किल्ट नेसून लढतात, जो पोशाख पुष्कळ नंतरचा. स्टर्लिंगच्या पुलाची १२९७ ची लढाई तर पुलाशिवायच होते, आणि स्कॉटिश नेता वॉलेसच्या सैन्याला जिंकून दिलं ते त्या अरुंद पुलाने!

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार, पण एक गोष्ट निसटतेय असं वाटतं. ‘रायन’ पाहून ६ जून १९४४ ला त्या ओमाहा किनाऱ्यावर असलेल्या कित्येक म्हाताऱ्या सैनिकांना तो दिवस पुन्हा भोगल्यासारखं झालं. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याने त्यांच्यासाठी मदतीची फोनलाइन उघडली होती. किनाऱ्याच्या त्याच प्रसंगात खोल पाण्यातल्या सैनिकांना गोळ्या लागताना दिसतात, आणि रायफलची गोळी तर पाण्यात काही फुटांतच आपला जोर गमावते. तपशील चुकला तरी ज्यांनी भोगलं त्यांना ते आपलं वाटलं. याला कोणता शब्द?

प्रतिसाद

‘इमान’ कसा वाटतो? अनुभवाशी इमान राखणारा. तपशिलाशी इमान ही वेगळी गोष्ट. ‘डंकर्क’ (२०१७) मध्ये जर्मन विमानांची नाकं पिवळी आहेत. ती रंगवायला सुरुवात झाली मे १९४० नंतर, हे दिग्दर्शकाला ठाऊक होतं. आकाशात शत्रूचं विमान प्रेक्षकाला चटकन ओळखू यावं म्हणून त्याने तसं केलं. ही चूकही नाही आणि विपर्यासही नाही. मी याला ‘जाणता बदल’ म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ता

‘जाणता बदल’ घेतला, आणि ‘इमान’ही. माझं वाक्य आता असं: ‘रायन’ची मांडणी वास्तववादी, कथा बेतलेली, किनाऱ्यावरच्या अनुभवाशी इमान पक्कं. लांबलं खरं, पण ‘अतिशय वास्तववादी’ मी आता लिहिणार नाही.