अमेरिकेत भाड्याचं घर: हार्डवूड की कार्पेट? (न्यूयॉर्क, जर्सी सिटी)

ओक_पाट:
इकडे घर शोधताना आपली बरीच मंडळी 'थंडीत ऊब राहते' म्हणून कार्पेटचं घर धरतात. माझं मत स्पष्ट आहे, हार्डवूड, म्हणजे लाकडी पट्ट्यांची जमीन, मिळत असेल तर कार्पेट सोडा. रोजच्या फोडणीचा वास कार्पेट धरून ठेवतं. सांडलेलं वरण खालच्या पॅडपर्यंत उतरतं आणि शॅम्पू केला तरी आत ओल राहते. लाकडावरून तेच दोन मिनिटांत पुसून निघतं. घरात कुणाला धुळीची ॲलर्जी असेल तर विचारच करायला नको.

तिसरा_जिना:
स्वच्छतेचं पटलं, पण आवाजाचं काय? जुन्या इमारतींत लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर ओकच्या लाकडाच्या पट्ट्या. मूल धावलं, लाटणं पडलं की धक्का थेट तुळईतून खालच्याच्या डोक्यावर. म्हणून न्यूयॉर्कच्या अनेक करारांत 80 टक्क्यांचं कलम असतं: स्वयंपाकघर आणि बाथरूम वगळून बाकीची 80 टक्के जमीन रगने (सुट्या गालिच्याने) झाकायची. हा शहराचा कायदा नाही, पण सही केली की बांधील. हिशेब बघा. 12 बाय 14 ची खोली 168 चौरस फूट, त्याचे 80 टक्के साधारण 134. 9 बाय 12 चा मोठा रगही 108 च भरतो, वर 3 बाय 9 चा रनर (अरुंद लांब रग) घातला तेव्हा कुठे 135. प्रत्येक खोलीत हा खर्च करायचा, तर हार्डवूडसाठी जास्त भाडं कशाला?

ओक_पाट:
कारण रग उचलून झटकता येतो, धुता येतो, पुढच्या घरी नेता येतो. खाली पाव ते 3/8 इंच जाड फेल्टचा (दाबून केलेल्या जाड कापडाचा) पॅड घाला, चारही बाजूंनी रगपेक्षा इंचभर लहान. स्वस्त पीव्हीसीची जाळी नको. तिच्यातला प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) पॉलिशमध्ये उतरतो आणि पिवळे, चिकट चौकोन उमटतात.

डिपॉझिट_परत:
खरा धोका पाण्याचा आहे, आणि त्यावर दोघंही बोलला नाहीत. लादी पुसायच्या सवयीने ओलागच्च मॉप फिरवला की फटींतून पाणी खाली जातं, पट्टी खालून फुगते आणि कडा वर येतात. स्टीम मॉप त्याहून वाईट. व्हिनेगरने चकाकी जाते. मायक्रोफायबर घट्ट पिळून घ्या, पुसल्यावर मिनिटभरात जमीन कोरडी दिसली पाहिजे. तुळशीची कुंडी जमिनीवर थेट ठेवू नका. ओकमधलं टॅनिन, पाणी आणि लोखंडाचा अंश एकत्र आले की काळा डाग पडतो, तो इतका खोल जातो की नुसत्या सँडिंगने (घासून) बहुतेकदा निघत नाही. तिथे कधी पट्टीच बदलावी लागते आणि ते पैसे डिपॉझिटमधून जाऊ शकतात.

घर बघतानाच सिंकपुढे, दाराशी आणि रेडिएटरजवळ पाण्याचा एकेक थेंब टाका. पाच मिनिटांनी थेंब तसाच उभा असेल तर पॉलिश शाबूत. लाकूड काळवंडलं तर थर संपलाय. सही करण्याआधीच रिफिनिशिंग (घासून नव्याने पॉलिश) मागा, नाहीतर थर संपल्याचं लेखी नोंदवून घ्या. न्यूयॉर्क राज्यात 2019 च्या कायद्याने डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापुरतंच घेता येतं. राहायला जाण्याआधी मालकासोबत पाहणी करून घराची स्थिती लिहून घेता येते, आणि घर सोडल्यावर 14 दिवसांत कपातीचा तपशील द्यावा लागतो. वापराने होणारी साधी झीज कापता येत नाही. हिवाळ्यात पट्ट्यांमध्ये फटी पडतात, ते कोरड्या हवेमुळे. तुमचं नुकसान नव्हे. त्यात पुट्टी भरू नका, उन्हाळ्यात लाकूड फुगलं की ती बाहेर येते. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता 30 ते 50 टक्के ठेवा.

तिसरा_जिना:
थेंबाची युक्ती उत्तम. तरी लहान मुलं असतील तर लाकडी तुळयांच्या इमारतीत वरचा मजला नकोच, असंच मी म्हणेन. तळमजला बघा, नाहीतर काँक्रीट स्लॅबची इमारत. तिथेही रग लागतोच, पण खालून रोज तक्रार येत नाही.

ओक_पाट:
तळमजल्याचं मान्य. खुर्च्यांना फेल्ट लावाल तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी तो बदला. त्यात अडकलेली वाळू सँडपेपरसारखी घासते. ऑफिस खुर्चीची कडक नायलॉनची चाकं काढून मऊ पॉलियुरेथेनची बसवा, बहुतेक खुर्च्यांत ती ओढून निघतात.