हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ना? उत्तर काय धरू?

प्रश्नवही:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीत सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा असते, प्रश्न मी काढते. यंदाचे साठ तयार आहेत, एकावर अडलेय: हेलियमचा शोध कुठे लागला? माझ्या जुन्या वहीत विजयदुर्ग लिहिलंय, भाचा म्हणतो गुंटूर. मागच्या वर्षी माझं एक उत्तर चुकलं आणि चौथीतल्या एका मुलीचे दोन गुण गेले. स्टेजमागे जाऊन रडली बिचारी. ते अजून मनाला लागून राहिलंय, म्हणून खात्री करून घेतेय. किल्ल्यावरचे ते ओटे मी स्वतः पाहिलेत, त्यामुळे विजयदुर्ग खोडवतही नाही.

देवगडकर:
ताई, विजयदुर्गच. दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन करतात. लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने जिथे दुर्बिणी लावल्या ते 'साहेबाचे ओटे' आम्ही लहानपणापासून बघतोय.

निवृत्त मास्तर:
ओटे खरे आणि साहेबही खरा. घोटाळा ग्रहणाचा आहे.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवल्यावर दिसणारा रंगांचा पट्टा, त्यांनी पाहिला. त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्यांना वाटलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. लॉकियर तेव्हा भारतात नव्हतेच. ते लंडनला युद्धखात्यात कारकुनी करत आणि फावल्या वेळात सूर्य बघत. २० ऑक्टोबरला त्यांनीही ग्रहणाशिवाय त्या रेषा पकडल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं.

आता रेषेचं सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. नववीच्या वर्गात मी स्पिरिटच्या दिव्यावर चिमूटभर मीठ टाकायचो. ज्योत भक्कन पिवळी व्हायची. तो सोडियम. वर्णपटात त्याच्या दोन रेषा अगदी चिकटून दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. सूर्यातली पिवळी रेषा ५८७.६ वर होती. म्हणजे शेजारीच, पण सोडियमची नव्हे. एवढ्याशा फरकावरून लॉकियरनी नवं मूलद्रव्य मानलं आणि ग्रीक 'हेलिओस', म्हणजे सूर्य, यावरून त्याला नाव दिलं. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नव्हतं. १८९५ मध्ये रॅम्से या रसायनशास्त्रज्ञांनी लंडनला क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्ल घातलं, निघालेला वायू तपासला, तर तीच रेषा! सत्तावीस वर्षं त्या माणसाने धीर धरला, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

विजयदुर्गावर लॉकियर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. मेल्पोमेनी या युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला होते. म्हणजे त्यांचं पाऊल किल्ल्यावर पडलं तेव्हा हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं होत आली होती. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले होते. आपला माणूस, पण त्यांचं नाव कुणी विचारत नाही.

देवगडकर:
मास्तर, वाचून घटकाभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण १८६८ चं ग्रहण आपल्या बाजूनेही गेलं होतं ना?

निवृत्त मास्तर:
हो, जमखंडीला धाकटे हर्शेल, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे चिरंजीव, ते बघायला बसले होते. विजयदुर्गही त्याच अक्षांशाच्या आसपास. दोन ग्रहणांची सरमिसळ त्यातूनच झाली असावी. वाईट वाटून घेऊ नका. स्वतः लॉकियर ज्या ओट्यांपाशी उभे राहिले ते ओटे आपल्याकडे आहेत, हे काय कमी आहे? फक्त ओट्यांवर १८९८ ची पाटी हवी.

ताई, नुसतं 'गुंटूर' हेही उत्तर धरू नका. रेषा गुंटूरला दिसली, ती नव्या मूलद्रव्याची हे लंडनला ठरलं. प्रश्नच बदला.

प्रश्नवही:
बदलला. "विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे कोणत्या वर्षीच्या सूर्यग्रहणाशी जोडलेले आहेत?" उत्तर १८९८. कुणी १८६८ म्हटलं तर गुण नाही, पण दोन्ही ग्रहणांची गोष्ट तिथेच माइकवरून सांगेन. आणि नायगमवालांवर एकसष्टावा प्रश्न घातलाय.