लवकर निवृत्ती की आधी घर? (पुंजी खर्चाच्या २७ पट)

अर्धविराम

आकडे कुठल्याही चलनात वाचता यावेत म्हणून सगळं वार्षिक खर्चाच्या पटीत मांडलंय. वर्षाचा खर्च = १.

वय ४६. गुंतवलेली पुंजी २७. खर्चातला ०.२५ हिस्सा घरभाड्याचा. नोकरीतून वर्षाला ०.६ शिल्लक पडते. कर्ज नाही. नजरेत असलेल्या घराची किंमत ८. नोंदणी, कर, दलाली, डागडुजी धरून ८.५६.

पर्याय तीन दिसतात.
(अ) नोकरी लवकर सोडायची आणि भाड्यानेच राहायचं.
(ब) घर रोखीने घ्यायचं आणि भाडं वाचणारच आहे म्हणून नोकरीही आत्ताच सोडायची.
(क) ५ चं कर्ज काढून घर घ्यायचं आणि आणखी काही वर्षं नोकरी करायची.

'भाडं कायमचं संपतं' या मुद्द्याला (ब)च्या बाजूने नेमकं किती वजन द्यावं?

चक्रवाढ

वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. आकडे मांडून बघू.

भाडं ०.२५ वाचेल, पण स्वतःच्या घराला देखभाल, मालमत्ता कर आणि विमा लागतो. त्यासाठी किमतीचा १ टक्का, म्हणजे ०.०८ धरा. निव्वळ बचत ०.१७. त्यासाठी तुम्ही ८.५६ मोजताय, म्हणजे या पैशावर सुटतात २ टक्के. तेच पैसे पुंजीत राहिले तर दरसाल ३.५ टक्के उचल (खर्चासाठी पुंजीतून काढता येणारी रक्कम) देतात.

३.५ का, तर ४ टक्क्यांचा जो प्रसिद्ध नियम आहे (निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे, पुढे ती रक्कम महागाईएवढी वाढवत जायची) तो अमेरिकन अर्थनियोजक बेंगेन यांनी १९९४ साली अमेरिकन बाजाराच्या १९२६ पासूनच्या आकड्यांवरून काढला, आणि तो ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी. ४६ व्या वर्षी थांबणाऱ्याला ४५ वर्षांची बेगमी लागते. शिवाय आकडे एकाच देशाचे, तेही भरभराटीच्या शतकातले. त्यामुळे ३.५ टक्के, म्हणजे खर्चाच्या २८.६ पट.

आता तुलना. महागाई वजा जाता परतावा ४ टक्के धरलाय.

घर नाही: हवेत २८.६, आहेत २७. एक वर्ष नोकरी केलीत तर २७ × १.०४ + ०.६ = २८.७. काम झालं.

रोख घर: खर्च ०.८३ वर येतो, म्हणजे हवेत २३.७. हातात राहिले १८.४४. वर्षाची शिल्लक आता ०.७७. पुंजी पहिल्या वर्षाअखेर १९.९५, मग २१.५, मग २३.१५. चौथ्या वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत आकडा गाठला जातो.

थोडक्यात, घराची किंमत ८.५६ नाही, सुमारे अडीच वर्षं नोकरी आहे. त्या भावात घर स्वस्त वाटतं की महाग, हे तुम्हीच ठरवायचं. अडीच वर्षं काही फार नाहीत असं वाटत असेल तर खुशाल घ्या, त्यात हिशोबाची चूक नाही. चूक (ब)मध्ये आहे. १८.४४ वर ०.८३ ची उचल म्हणजे ४.५ टक्के, आणि पुढे ४५ वर्षं.

भिंतीला कान

भाडं महागाईएवढंच वाढेल हे गृहीत का धरलंत? वाढत्या शहरात ते जास्त वेगाने वाढतं. तिथे तुमचा सगळा हिशोब उलटतो.

चक्रवाढ

शंका रास्त आहे, पण हिशोब उलटत नाही. भाडं महागाईपेक्षा २ टक्के जास्त वेगाने ४० वर्षं सलग वाढतंय असं धरू. ४ टक्के दराने त्या सगळ्या भाड्याचं आजचं मूल्य, म्हणजे ते भागवायला आज बाजूला ठेवावी लागणारी रक्कम, ६.७५ येतं (महागाईएवढीच वाढ धरली तर ४.९५). त्यातून ४० वर्षांच्या देखभालीचं आजचं मूल्य १.६ वजा करा. घराची किंमत महागाईबरोबर टिकली असं धरून ४० वर्षांनंतरच्या त्या ८ चं आजचं मूल्य १.६७ मिळवा. बेरीज ६.८, आणि द्यायचे ८.५६. घराची किंमतही भाड्याच्याच वेगाने वाढली तर मात्र बरोबरी होते. पण तो फायदा घर विकल्याशिवाय हातात पडत नाही, आणि राहतं घर म्हातारपणी कोणी आनंदाने विकत नाही.

घरमालक घर रिकामं करायला सांगणार नाही, हा फायदा या आकड्यांत नाही हे मान्य. त्याला किंमत आहे. पण ती किंमत आहे हे कबूल करून मोजावी, 'गुंतवणूक' म्हणून नव्हे.

तळटीप

सगळे २७ च्या आकड्यावर भांडताय. त्या २७ मध्ये काय काय आहे ते कोणी विचारलंच नाही. राहती मालमत्ता, अंगावरचे दागिने, कोणाला दिलेले हातउसने, हे धरलंय का? आणि ठरावीक वयापर्यंत हात लावता येत नाही असा निवृत्ती निधी किती आहे?

अर्धविराम

दागिने, उसने वगैरे काही नाही. निवृत्ती निधी आहे: २७ पैकी ९, साठीपर्यंत कुलूपबंद. बाकी १८ मोकळे, त्यातले साधारण दोन तृतीयांश शेअर्समध्ये.

तळटीप

मग (ब) इथेच निकालात निघतो. ३.५ की ४.५ टक्के हा वाद फार पुढचा.

रोख घर घेतल्यावर मोकळे उरतात १८ − ८.५६ = ९.४४. त्यावर ०.८३ खर्चाने साठीपर्यंत, म्हणजे १४ वर्षं तगायचंय. परतावा दरसाल बिनचूक ४ टक्के आला तर हे पैसे साडेचौदा वर्षं पुरतात. कागदावर जेमतेम बसतं. म्हणूनच ते फसवं आहे.

पहिली दोन वर्षं वाईट घ्या, महागाई धरून दरसाल १५ टक्के घट. ९.४४ मधून ०.८३ काढले, उरलेल्यावर १५ टक्के गेले: ७.३२. पुन्हा तेच: ५.५२. त्यानंतर बाजार सुरळीत ४ टक्के देत राहिला तरी मोकळा पैसा ५५-५६ व्या वर्षी संपतो. कुलूप उघडायला चार वर्षं बाकी, निधीत ९ पेक्षा जास्त पडून आहेत, आणि घरखर्चाला पैसे नाहीत. एकूण संपत्ती भरपूर आणि खिसा रिकामा, असा प्रकार. अशा वेळी घराची एक खोली विकता येत नाही.

हीच दोन वाईट वर्षं (अ)ला लावा. एक वर्ष नोकरी करून ४७ व्या वर्षी मोकळे १९.३ असतील. दोन वर्षांनी १२.४ उरतात, आणि ते साठीच्याही पुढे जातात. त्रास होईल, पण निभावेल.

घट पुढे कधीतरी आली तर एवढं नुकसान करत नाही. सुरुवातीलाच आली की पडलेल्या भावात जास्त युनिट विकावी लागतात आणि बाजार वर येईल तेव्हा ती युनिट तुमच्याकडे नसतात. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांचं हेच झालं: १९७३-७४ ची मंदी आणि पाठोपाठ वर्षानुवर्षं महागाई. बेंगेन यांचा आकडा खाली खेचला तो याच मंडळींनी.

हप्तेबंद

(क) बद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो.

५ चं कर्ज, १५ वर्षं, व्याज उदाहरणादाखल ९ टक्के. वर्षाचे हप्ते ०.६१, म्हणजे तुमची आजची सगळी बचत. एकूण फेड ९.१३, त्यात व्याज ४.१३. हा आकडा बघून लोक घाबरतात, पण महागाई ५ टक्के असेल तर ९ टक्के व्याज म्हणजे महागाई वजा जाता साधारण ४ टक्केच. पुंजीवरही तेवढेच धरलेत. तेव्हा कर्जाने ना फायदा ना तोटा. पूर्ण गणित करून बघा: निवृत्तीला लागणारे २३.७ अधिक उरलेलं मुद्दल, एवढे जमायला (क)मध्येही साधारण साडेतीन वर्षंच लागतात. रोख घेऊन नोकरी चालू ठेवलीत तरी तेवढीच.

मग कर्ज कशासाठी? मोकळ्या पैशासाठी. रोख घेतलंत तर मोकळे ९.४४ राहतात, कर्ज काढलंत तर १४.४४. तळटीप यांनी दाखवलेला खड्डा त्याने भरतो. बदल्यात एक जोखीम येते: बाजार पडला तरी हप्ता थांबत नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कर्ज मंजूर होतं पगाराच्या पावतीवर. राजीनामा दिल्यावर २७ पटीची पुंजी दाखवलीत तरी बहुतेक ठिकाणी नकार देतील, नाहीतर व्याज वाढवून सांगतील. त्यामुळे 'आधी निवृत्ती, मग जमलं तर घर कर्जाने' हा क्रम धरून चालू नका. आणि हप्ता वार्षिक खर्चात मिसळून त्याला २८.६ ने गुणू नका. हप्ता १५ वर्षांत संपतो आणि महागाईबरोबर वाढत नाही. उरलेलं मुद्दल पुंजीतून वजा करायचं आणि खर्च हप्त्याशिवाय धरायचा. ही चूक फार दिसते, आणि तिने निवृत्ती विनाकारण दहा-दहा वर्षं लांबते.

घर घ्यायचंच ठरलं तर त्यासाठीचे पैसे आजच शेअर्समधून काढायला लागा. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा तिथे ठेवायचा नसतो. विकताना कर धरा. विकलेल्या रकमेत निम्मा नफा असेल आणि त्यावर १५ टक्के कर असेल, तर ८.५६ हातात पडायला ९.२५ विकावे लागतात. चक्रवाढ यांच्या हिशोबात हे नाही. विक्री दोन आर्थिक वर्षांत विभागली तर काही ठिकाणी कर कमी बसतो.

खतावणी

मुळात तो '१' बरोबर आहे का? सगळ्या इमारतीचा पाया तोच आहे, आणि लोक तो बारा महिन्यांच्या खात्यावरून काढतात. छत्तीस महिन्यांचा काढा. कारण बारा महिन्यांत वाहन बदललेलं नसतं, दातांचं मोठं काम निघालेलं नसतं.

नेहमी निसटणाऱ्या गोष्टी:

दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तू. किंमत भागिले आयुष्य. वाहन ०.८ चं आणि दहा वर्षं टिकणारं असेल तर दरसाल ०.०८, जरी यंदा एक पैसाही गेला नसला तरी.

नोकरीबरोबर जाणाऱ्या सवलती. आरोग्य विमा यातला सगळ्यात जड. कंपनीचा गट विमा राजीनाम्याबरोबर संपतो, आणि पन्नाशीच्या आसपास नवा वैयक्तिक विमा घेताना आधीच्या आजारांना प्रतीक्षा काळ लागतो. म्हणून तो नोकरीत असतानाच घ्यायचा. दोन्ही विमे काही काळ एकत्र चालले तरी चालतील.

पुंजीतून काढताना लागणारा कर. खर्चाला १ हवा असेल तर काढावे लागतात १ पेक्षा जास्त.

या तिन्ही मिळून खर्च १ वरून १.१ झाला तर २८.६ चे ३१.४ होतात, आणि तुमची 'एक वर्ष नोकरी' तीन वर्षांची होते. म्हणजे जवळजवळ घराच्या निर्णयाइतका फरक इथे, कोणी न बघता, पडतो.

उलट घर घेतल्यावर १ टक्का देखभाल ही सरासरी आहे. पहिली पाच वर्षं दुरुस्तीला फारसं काही लागत नाही, मग छताची गळती, नळकाम, रंग एकाच वर्षी येतात. त्या वर्षी ३-४ टक्के जातात. पहिल्या वर्षापासून ०.०८ वेगळ्या खात्यात टाकत गेलात तर ते वर्ष जाणवत नाही.

अर्धविराम

खर्च पुन्हा काढला. विमा आणि वाहनाची झीज धरून १.०७ येतोय. (ब) सोडून दिला. आता (अ) आणि (क) मध्ये अडकलोय. नोकरी पूर्णवेळ आणखी तीन-चार वर्षं ओढायची इच्छा मात्र नाही.

चक्रवाढ

मग पूर्ण थांबण्याऐवजी अर्धं काम. वर्षाला ०.४ मिळेल एवढं काम केलंत तर पुंजीतून काढायचे फक्त ०.६७, म्हणजे २७ वर २.५ टक्के. हे आजही पेलतं. अशी चार वर्षं निघाली की सुरुवातीच्या घसरणीचा धोका बराचसा मागे पडतो. यात घर बसत नाही, हे मात्र स्पष्ट आहे. किंमत ५ च्या आतलं, लहान किंवा थोडं लांबचं घर चालत असेल तर वेगळा हिशोब होईल.

हप्तेबंद

(क) बद्दल खात्री नसेल तर सही करण्याआधी बारा महिने तालीम करा. पगार झाला की महिन्याला ०.०५१ (हा हप्ता) आणि ०.००७ (ही देखभाल) वेगळ्या खात्यात वळवा, ठरलेल्या तारखेला, आपोआप. भाडं तुम्ही अजून देताय, म्हणून त्यातले ०.०२१ त्याच खात्यातून परत घ्या. बाकीच्यावर महिना काढा. त्या खात्यात मधूनच हात घालावा लागला तर किती वेळा आणि कशासाठी, ते लिहून ठेवा. जमलेले पैसे वर्षाअखेर घराच्या सुरुवातीच्या रकमेत जातील, नाहीतर पुंजीत. ते खातं मुदत ठेवीचं ठेवा, शेअर्सचं नाही.

तळटीप

आणि काहीही ठरलं तरी राजीनाम्याच्या दिवशी दोन ते तीन वर्षांचा खर्च ठेवींत असू द्या. आता दोन तृतीयांश शेअर्समध्ये म्हणजे १८ पैकी १२, मग ठेवी-रोखे ६ तरी असतील. घराची सुरुवातीची ३.५६ त्यातूनच दिलीत तर उरतात २.४४, आणि वर हप्ताही चालू. (क) निवडलात तर ती रक्कम शेअर्स विकून द्या, ठेवींना हात लावू नका.

अर्धविराम

ठेवी-रोखे ५.८ आहेत. तालीम पुढच्या महिन्यापासून सुरू करतो. वैयक्तिक आरोग्य विम्याचा अर्ज याच आठवड्यात.