लॅब्रॅडॉर पिल्लाची नसबंदी चौथ्या महिन्यात करावी का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

आमच्या घरी साडेतीन महिन्यांची लॅब्रॅडॉर कुत्री आहे, चिंगी. लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांनी सुचवले, की पुढच्याच महिन्यात तिची नसबंदी करून घ्यावी, कारण लहान वयात जखम लवकर भरते आणि पहिला माज येण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर स्तनाच्या गाठींचा धोका फार कमी होतो. शेजारच्या काकू मात्र म्हणतात, की तिचे एक वेत तरी होऊ द्या. काल सकाळी तिचा पुढचा दुधाचा दात सतरंजीवर पडलेला सापडला आणि एवढ्या लहान जीवाला भूल देण्याच्या कल्पनेने मला धस्स झाले. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (कसबा बावडा)

आपल्या डॉक्टरांनी गाठींविषयी सांगितले ते खरेच आहे, आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही या शस्त्रक्रियेने टळतो. वेत होऊ दिल्याने मात्र कुत्रीच्या प्रकृतीला काहीही लाभ होत नाही, उलट प्रत्येक माजागणिक गाठींचा धोका वाढतो. तरीही लॅब्रॅडॉरच्या बाबतीत चौथा महिना मला फार लवकर वाटतो. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, तिथून हाड वाढते आणि वयात येताना संप्रेरकांमुळे त्या पट्ट्या बंद होतात. अंडाशय त्याआधीच काढले तर त्या उशिरा बंद होतात, हाडे थोडी अधिक लांबतात आणि गुडघ्याच्या व खुब्याच्या सांध्यांवर येणारा भार बदलतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2020 मध्ये 35 जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लॅब्रॅडॉर माद्यांसाठी किमान एक वर्ष थांबण्याची सूचना आहे, तर बहुतेक लहान जातींमध्ये लवकर शस्त्रक्रिया केल्याने सांध्यांचे आजार वाढलेले दिसले नाहीत. म्हणजे शेजारच्या पॉमेरेनियनला लागू पडलेले वय आपल्या चिंगीलाही लागू पडेल असे नाही. शिवाय फार लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्या मोठ्या माद्यांमध्ये पुढे झोपेत लघवी गळण्याची तक्रार अधिक आढळते.

उत्तर २ (कागल)

माझा अनुभव नराचा आहे. आमच्या गोल्डन रिट्रीव्हरची नसबंदी एका डॉक्टरांच्या सल्ल्याने चौथ्या महिन्यात केली. तिसऱ्या वर्षी एके सकाळी तो उठला तो मागचा उजवा पाय उचलूनच. पायाची बोटे फरशीला जेमतेम टेकत होती. गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. एका कुत्र्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे, पण आम्ही वर्षभर थांबलो असतो तर, हा विचार माझी पाठ सोडत नाही. नंतर पाळलेल्या कारवानीला आम्ही सव्वा वर्षाचा होऊ दिला. ज्यांच्याकडे कारवानी आहेत त्यांनी भुलीपूर्वी डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी, कारण या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असल्याने काही भूलद्रव्यांचा अंमल लवकर उतरत नाही.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. थांबायचे ठरवले, तर मधल्या काळात माज आल्यावर काय करावे? आमच्या गल्लीत मोकळी कुत्री पुष्कळ आहेत.

उत्तर १ (कसबा बावडा)

लॅब्रॅडॉर मादी साधारण सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते. योनी सुजून रक्त दिसू लागले, की त्या दिवसापासून किमान तीन आठवडे तिला साखळीशिवाय दाराबाहेर सोडू नये, गच्चीवरही एकटी ठेवू नये. रक्त थांबले म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण गर्भ राहण्याचे दिवस बहुधा त्याच सुमारास असतात. माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्याने तेव्हा शस्त्रक्रिया टाळतात. माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी ती करावी. आणि शस्त्रक्रियेनंतर खाणे मोजून द्या. ऊर्जेची गरज घटते, भूक मात्र वाढते, आणि लॅब्रॅडॉर तर वाटी चाटूनपुसून पुन्हा आपल्या तोंडाकडे पाहणारच.