जुनी सात आसनी गाडी: चारही टायर बदलावेत की आधी दोष शोधावा?

नारळीपोफळी (गुहागर)

नमस्कार. गेल्या फेब्रुवारीत मी मालवणजवळच्या एका कुटुंबाकडून २०१४ सालची डिझेलवर चालणारी सात आसनी गाडी घेतली. गाडी ७८,००० किलोमीटर चाललेली आहे, इंजिन उत्तम आहे, मात्र वर्षातील बराच काळ ती अंगणात उभी असे. आता चार महिन्यांच्या वापरानंतर चाकांच्या बाबतीत एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली आहे, आणि पावसाळा तोंडावर असल्याने जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पुढच्या डाव्या टायरची आतली कड पूर्ण गोटा झाली आहे. बाहेरून पाहिले तर नक्षी चांगली दिसते, त्यामुळे हे इतके दिवस कळलेच नाही. पुढच्या उजव्या टायरची आतली कडही झिजू लागली आहे. मागच्या उजव्या चाकातील हवा आठवड्यात आठ-दहा पीएसआयने उतरते, परंतु दोन ठिकाणी दाखवूनही पंक्चर सापडले नाही. ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरते. ५० च्या पुढे मागून घुमल्यासारखा आवाज येतो आणि डावीकडच्या लांब वळणावर तो वाढतो. स्टेपनी गाडीच्या खाली टांगलेली आहे व तिचा बोल्ट गंजून इतका घट्ट झाला आहे की ती खाली उतरतच नाही.

टायरच्या दुकानात चारही टायर एकदम बदलण्याचा सल्ला मिळाला. पुढच्या टायरांवर ३२१८ आणि मागच्यांवर ११२२ असे आकडे आहेत, माप १८५/६५ आर १५ आहे. आई-वडील दोघेही सत्तरीपुढचे आहेत, त्यांना दर महिन्याला चिपळूणला दवाखान्यात न्यावे लागते, आणि गणपतीला मुंबईहून भावाचे कुटुंब आले की सातही आसने भरतात. खर्च करायची तयारी आहे, पण तो योग्य ठिकाणी व्हावा, एवढीच इच्छा आहे. आधी काय करावे?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मी बत्तीस वर्षे गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करून निवृत्त झालो आहे. आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. चार टायर आज बदलले तरी यांतील बहुतेक तक्रारी तशाच राहतील, आणि नव्या टायरची आतली कडही काही महिन्यांत तशीच खाल्ली जाईल.

टायर कसा झिजला आहे, हे वाचता आले पाहिजे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली आहे, मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त भरली गेली आहे, आणि एकच कड झिजली असेल तर चाकाची दिशा किंवा झुकाव बिघडला आहे. आपल्या गाडीत दोन्ही पुढच्या चाकांची आतली कड झिजते, म्हणजे चाके पुढच्या बाजूने किंचित बाहेरच्या दिशेला फाकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. डावे चाक अधिक झिजले आहे, म्हणून त्या बाजूचे लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, चाकाकडचा बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचे टोक) यांच्याकडे विशेष पाहावे. रस्त्याच्या डाव्या कडेला खचलेला भाग आणि खड्डे अधिक असतात, त्यामुळे मार डाव्या चाकालाच जास्त बसतो. गाडी जॅकवर घ्या व खाली स्टँड लावा. चाक घड्याळातील बारा आणि सहा या जागी धरून हलवा, तिथे खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. तीन आणि नऊ या जागी खेळ जाणवला तर टाय रॉड एंड पाहावा. बुश मात्र पहारीने दाबूनच तपासावे लागते.

एक चूक सर्रास होते, ती टाळा. बुश ढिले असताना अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा यंत्रावर जुळवणे, करून उपयोग नसतो. यंत्रावर आकडे बरोबर येतात, गाडी रस्त्याला लागून ब्रेक दाबला की चाक पुन्हा आपली जागा सोडते. सुटे भाग आधी, अलाइनमेंट नंतर, आणि त्यापूर्वी चारही चाकांत योग्य हवा, हाच क्रम ठेवा. आधीच्या व नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. टो (चाकाची दिशा) जुळवता येतो, पण अशा बहुतेक गाड्यांत कँबर (चाकाचा झुकाव) जुळवण्याची सोय नसते, त्यामुळे कँबरचा आकडा मर्यादेबाहेर दिसला तर कुठला तरी भाग वाकलेला आहे असे समजावे.

मागच्या आवाजाबद्दल: टायर खडबडीत झिजल्यानेही असाच घुमणारा आवाज येतो, परंतु वळणावर तो फारसा बदलत नाही. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. आपला आवाज नेमका तेव्हाच वाढतो, म्हणून मला उजव्या मागच्या बेअरिंगचा संशय आहे. ते चाक उचलून हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, बेअरिंग खराब असेल तर खरखर बोटांना जाणवते. हे काम लांबणीवर टाकू नका.

कर्ली (कुडाळ)

माझे टायरचे दुकान आहे, आणि समुद्राजवळच्या गाड्यांची न सापडणारी हवागळती हा माझ्याकडे रोजचा विषय आहे. पंक्चर सापडत नाही याचे कारण ते टायरमध्ये नसतेच. ट्यूबलेस टायरची कड लोखंडी डिस्कच्या (रिमच्या) ज्या पट्टीवर बसते, तिथला रंग खाऱ्या हवेने सुटतो, खाली गंजाचे पापुद्रे धरतात आणि त्या खडबडीत जागेतून हवा झिरपत राहते. मिश्रधातूच्या चाकांतही हेच होते, तिथे लाल गंजाऐवजी पांढरी भुकटी दिसते. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी राहिली असेल तर हा त्रास हमखास होतो. आपण धोपावे-दाभोळ फेरीबोटीने जात असाल आणि भरतीच्या वेळी जेटीच्या उतारावर चाकांना खारे पाणी लागत असेल, तर घरी आल्यावर चाकांवर आणि खालच्या बाजूने गोडे पाणी मारत जा.

चाक काढून पूर्ण पाण्यात बुडवायला सांगा. नुसता साबणाचा फेस नक्षीवर मारून हे सापडत नाही. बुडबुडे कडेने येत असतील तर टायर उतरवून, पट्टी तारेच्या ब्रशने चकचकीत घासून, गंजरोधक रंग लावून, तो पूर्ण वाळल्यावर टायर पुन्हा बसवावा. कडेला लावायचे सीलर मिळते, मात्र गंज न काढता ते लावले तर गळती थोड्याच दिवसांत परत येते. रबरी व्हॉल्व्ह वाकवून पाहा, मुळाशी चिरा दिसल्या तर तोही बदला. व्हॉल्व्ह फार स्वस्त असतो आणि टायर उतरवलेलाच असतो.

स्टिअरिंगची थरथर बहुतेक बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे नसल्याची असेल. तरीही यंत्रावर चाक फिरत असताना स्वतः उभे राहून पाहा. डिस्कची कड वरखाली होताना दिसली तर डिस्क वाकलेली आहे, आणि समतोलासाठी कडेला कितीही शिसे लावले तरी ती थरथर पूर्ण जाणार नाही. मागचे चाक असमतोल असेल तर थरथर स्टिअरिंगपेक्षा आसनाखाली जाणवते, म्हणून पहिला संशय पुढच्या चाकांवर घ्यावा.

कातळसडा (देवगड)

वरील दोन्ही उत्तरे मला पटली. मी स्वतः अशीच मोठी गाडी नऊ वर्षे चालवते आहे, त्यामुळे दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट स्टेपनीची. त्या बोल्टवर दोन-तीन दिवस गंज सोडवणारे तेल मारत राहा, पान्यावर एकदम जोर दिला तर बोल्ट तुटतो. स्टेपनी उतरली की तिच्यावरचे आकडे वाचा. शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे आपले पुढचे टायर २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यातले आणि मागचे २०२२ च्या अकराव्या आठवड्यातले आहेत. स्टेपनी मूळचीच असेल तर ती २०१४ च्या आसपासची निघेल. ती कधी वापरली नसली तरी रबर वयाने कडक होऊन तडकते. रात्री आई-वडिलांना घेऊन जाताना तिच्यावर विसंबून राहावे, असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट नव्या टायरांची. दोनच घेतले तर ते मागे लावा, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे इंजिन पुढे म्हणून नवे टायर पुढे लावण्याची पद्धत आहे. परंतु मुसळधार पावसात पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते आणि ॲक्सिलरेटर सोडून बहुधा सावरता येते. मागची पकड सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हाती राहत नाही. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण कोकणातल्या पावसासाठी ती पुरेशी मानू नये. मी ३ मिलिमीटरला टायर बदलते.

सातही जण बसणार असतील त्या दिवशी हवा किती ठेवायची, हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. पूर्ण भारासाठी मागच्या चाकांचा आकडा बहुधा वेगळा आणि अधिक असतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा.

नारळीपोफळी (गुहागर)

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितलेल्या क्रमाने सर्व करून घेतले, त्याचा वृत्तांत देतो.

डाव्या लोअर आर्मचे मागचे बुश फाटलेले निघाले, दोन्ही बाजूंचे बुश बदलून मग अलाइनमेंट केले. पुढच्या उजव्या चाकाची डिस्क खरोखरच वाकलेली होती, यंत्रावर ती हेलकावताना मी स्वतः पाहिली. ती बदलल्यावर स्टिअरिंग १०० पर्यंत स्थिर राहते. मागच्या उजव्या चाकाचे बेअरिंग बदलताच आवाज बंद झाला. त्याच चाकाच्या पट्टीवर बोटभर रुंदीचा गंज होता, तो घासून रंग दिल्यापासून सतरा दिवसांत हवा एक पीएसआयनेच उतरली आहे. स्टेपनी चौथ्या दिवशी उतरली. ती २०१४ चीच होती आणि तिच्या बाजूवर बारीक चिरांचे जाळे होते.

शेवटी तीन टायर घेतले. दोन नवे मागे लावले, एक स्टेपनीला, आणि २०२२ चे दोन्ही पुढे आणले. एक शंका उरली आहे: १९५/६५ मापाचे टायर बसवले असते तर गाडी कातळावरून थोडी उंच राहिली असती, असे एका मित्राने सुचवले. मी मूळ मापच ठेवले. ते योग्य झाले का?

कर्ली (कुडाळ)

योग्यच झाले. त्या मापाच्या टायरचा व्यास सुमारे १३ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी जेमतेम साडेसहा मिलिमीटर उंच होते. तेवढ्यासाठी स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो, आणि पूर्ण भारात स्टिअरिंग वळवताना टायर आतल्या आवरणाला घासण्याची शक्यता निर्माण होते. मापाइतकाच भारांकही पाहावा लागतो. आपल्या मापात तो बहुधा ८८ असतो, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. त्याहून कमी भारांकाचा टायर सात आसनी गाडीला कधीही लावू नये.

चाके नुकतीच काढून बसवली आहेत, त्यामुळे शंभरेक किलोमीटर झाल्यावर सर्व नट हातपान्याने, समोरासमोरच्या जोडीने पुन्हा तपासून घ्या. पुढच्या वेळी चाक काढाल तेव्हा हबचा मधला भाग ब्रशने घासून तिथे ग्रीसचा पातळ हात फिरवा, मात्र नटांच्या आट्यांना ग्रीस लागू देऊ नका. पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर ती गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक ओढू नका, नाहीतर मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात.