मधुमेह असलेला प्रौढ बोका दत्तक घ्यावा का?

प्रश्न:
गेले दोन महिने मी एका प्राणी-निवाऱ्यात जाऊन तिथल्या एका बोक्याला भेटत आहे. तो आठेक वर्षांचा असावा, त्याची नसबंदी झालेली आहे, आणि मी खाली बसले की तो येऊन मांडीवर मुटकुळे करून झोपतो. त्याला मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावे लागते आणि सध्या साखर बऱ्यापैकी आटोक्यात आहे, हे तिथल्या मंडळींनी पहिल्याच दिवशी सांगितले. मात्र तो मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालतो, ते पाहून पोटात तुटते. मी एकटी राहते, नोकरी करते आणि आजवर कोणाला सुई टोचलेली नाही. जीव लागला म्हणून होकार द्यायचा आणि पुढे त्याचे हाल व्हायचे, असे मला नको आहे. अनुभवी मंडळींनी कृपया स्पष्ट सांगावे.

उत्तर १:
आमच्या भाटीला मी पाच वर्षे इन्सुलिन दिले. सुईची भीती आठवडाभरात जाते. ती फार बारीक असते. मांजर खाण्यात गुंग असताना पाठीवरची किंवा कुशीवरची सैल कातडी चिमटीत उचलून तिच्या घडीत सुई द्यायची, आमची भाटी तर वाटीतून तोंडही वर काढत नसे. खरी कसोटी घड्याळाची आहे. दोन मात्रांमध्ये साधारण १२ तासांचे अंतर रोज सांभाळावे लागते, त्यामुळे आपण गावाला गेलात, आजारी पडलात किंवा कामावर उशीर झाला तर सुई कोण देणार, ते माणूस आधी ठरवा आणि मगच बोका घरी आणा. टाचांवर चालणे हा वाढलेल्या साखरेचा नसांवर झालेला परिणाम असू शकतो. साखर काही महिने नीट राहिली तर पुष्कळ मांजरांची चाल सुधारते. आमची भाटी चौथ्या महिन्यात पुन्हा खिडकीत उडी मारू लागली, तो दिवस मी विसरलेले नाही.

उत्तर २:
आमच्याकडे एकदा घरातल्या दोघांनी, एकमेकांना न विचारता, अर्ध्या तासाच्या अंतराने सुई दिली. रात्री साखर फार उतरून बोका झोकांड्या खाऊ लागला. पशुवैद्यांना फोन केला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे हिरड्यांना मध चोळून त्याला तसेच दवाखान्यात नेले. तो वाचला. तेव्हापासून फ्रिजवर वही टांगलेली असते आणि सुई दिल्याबरोबर वेळ व सही होते. मात्रा आत गेली की नाही अशी शंका आली, तर पुन्हा देऊ नये. एक मात्रा चुकण्यापेक्षा दोनदा जाणे फार धोक्याचे असते. मांजर जेवले नाही तर आधी पशुवैद्यांना विचारावे. इन्सुलिनच्या बाटलीवर आणि सिरिंजवर यू-४० किंवा यू-१०० असे (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये इन्सुलिनची ४० की १०० एकके, ते) लिहिलेले असते, ते जुळलेच पाहिजे, कारण यू-१०० चे औषध यू-४० च्या सिरिंजने दिले तर मात्रा अडीच पट होते.

उत्तर ३:
निवाऱ्याकडून त्याचे सगळे कागद मागून घ्या: निदान कधी झाले, मात्रा किती वेळा बदलली, वजन कसे बदलत गेले आणि पूर्वी स्टेरॉइड दिले होते का (त्यानेही साखर वाढू शकते). दातही तपासून घ्या, कारण तोंडातल्या संसर्गाने साखर आटोक्यात येणे अवघड होते. मांजर घाबरले की दवाखान्यातली साखर एरवीपेक्षा जास्त दिसते, म्हणून कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेऊन घरीच मोजायला शिकून घ्यावे. कमी पिष्टाच्या ओल्या अन्नाबद्दलही पशुवैद्यांशी बोला, पण आहार परस्पर बदलू नका. आहार बदलला की इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते. उपचार लवकर सुरू झाले असतील तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटतेही, परंतु त्या आशेवर दत्तक घेऊ नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. शेजारच्या काकू सुई शिकायला तयार आहेत. शनिवारी आम्ही दोघी निवाऱ्यात जाऊन, तिथल्या पशुवैद्यांसमोर, त्याची संध्याकाळची मात्रा स्वतः देऊन पाहणार आहोत. वही आजच आणली.